मधल्या डागांचा हिशेब

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आजचा विषय ऐकून काही घरांमध्ये रेडिओचा आवाज कमी होईल, याची मला कल्पना आहे. आवाज कमी केलात तरी हरकत नाही, फक्त बंद करू नका. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत, तारीख नसताना अंगावरून रक्त जातं, त्याविषयी मी आज बोलणार आहे.

मी डॉक्टर नाही. वर्ध्यात राहते, मराठीत कविता लिहिते, शिक्षण बी.ए.पर्यंत. या भाषणासाठी बोलावणं आलं तेव्हा 'कवितेतली स्त्री' असा विषय सुचवला गेला होता. मी म्हटलं, कवितेतल्या स्त्रीबद्दल पुष्कळ बोलून झालं, या वेळी घरातल्या स्त्रीबद्दल बोलू द्या. आजच्या बोलण्यातली वैद्यकीय माहिती मी डॉक्टरांना विचारून, वाचून, पडताळून घेतली आहे. बाकीचं माझं स्वतःचं आहे.

सुरुवात शब्दांपासून करते, कारण माझा धंदाच शब्दांचा. पाळीला आपल्याकडे किती नावं! अडचण, कावळा शिवला, बाहेर बसली, महिना आला. आमच्या घरात उर्दू-दखनी मिश्रित बोली. तिथे 'सर पे पानी लेना' म्हणजे पाळी संपून न्हाणं. पांढरं जाण्याला 'धुपणी' आहे. पण दोन पाळ्यांच्या मध्ये जो डाग लागतो त्याला रोजच्या बोलण्यात धड नावच नाही. 'अंगावर जाते' म्हटलं की त्यात पांढरं, तांबडं, थोडं, फार, सगळंच आलं. ज्याला नाव नाही ते सांगायचं कसं? आणि सांगता येत नाही म्हणून ते नाहीच असं समजून बाया दिवस काढतात. मीही काढले. एक-दोन नाही, चांगले आठ महिने.

ही गोष्ट २०१७ सालची. मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होते. त्या वर्षी रमज़ान मे महिन्याच्या अखेरीस सुरू झाला. वर्ध्याचं ऊन तुम्हाला माहीत आहे. मृग लागला तरी जमीन निवत नाही. रोज़े सुरू होते आणि माझा हिशेब चुकू लागला.

कसला हिशेब, ते सांगते. पाळीच्या दिवसांत मुस्लिम स्त्रीला नमाज़ माफ असते आणि रोज़ा ठेवायचा नसतो. नमाज़ नंतर भरून द्यावी लागत नाही, पण सुटलेले रोज़े वर्षभरात केव्हातरी पुरे करावे लागतात. त्यांना क़ज़ा रोज़े म्हणतात. त्यामुळे आमच्या घरांमधल्या बऱ्याच बाया तारखा लिहून ठेवतात. माझ्याकडे एक छोटी वही होती. शेवटच्या पानावर दरवर्षीचे सुटलेले दिवस. दर साली पाच, फार तर सहा. त्या वर्षी पाळी येऊन गेली, मी न्हाले, रोज़े पुन्हा सुरू केले आणि नवव्या दिवशी परत डाग. दोन दिवसांनी थांबला. मग पुन्हा. मी लिहीत गेले, खोडत गेले. हा दिवस धरायचा की सोडायचा? ईद आली तेव्हा त्या पानावर आकड्यांपेक्षा खाडाखोड जास्त होती.

खरं तर जानेवारीपासूनच असं होत होतं. पण एरवीच्या महिन्यांत मी ते लिहिलं नव्हतं. वय झालं, पाळी जायची वेळ आली, असंच चालायचं, असं मनाला समजावत होते.

आणि मला हे समजावून घेण्याचा मुळीच हक्क नव्हता. कारण मी माझ्या फुफीला जाताना पाहिलं होतं.

फुफी म्हणजे वडिलांची बहीण. आर्वीकडच्या एका गावात राहायची. मी कॉलेजात होते तेव्हाची ही गोष्ट, १९८८-८९ची. कापसाच्या दिवसांत ती दुसऱ्यांच्या शेतात वेचणीला जायची. ओटीत कापूस भरून दिवसभर वाकून काम. तिला मधूनमधून जात होतं. नवऱ्याजवळ गेलं की दुसऱ्या दिवशी हमखास जायचं. हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. रात्री सगळे झोपल्यावर ती कपडे धुवायची आणि ते उन्हात न घालता कोठ्यात, दोरीवर, दुसऱ्या कपड्याखाली वाळवायची. घरात कळलं ते वास येऊ लागला तेव्हा. तिला वर्ध्याला आणलं, तपासलं. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होता आणि तो पुढे सरकलेला होता. डॉक्टरांनी माझ्या वडिलांना विचारलं, "किती दिवसांपासून होतंय?" वडिलांना माहीत नव्हतं. फुफीच हळूच म्हणाली, "दो साल." वडील त्या उत्तराने जे खाली बसले, ते मला अजून दिसतात. फुफी त्यानंतर सात महिने जगली. तिचं वय एकेचाळीस होतं.

हे सगळं पाहिलेली मी, कवितांची पुस्तकं छापून आलेली मी, आठ महिने गप्प होते. म्हणून म्हणते, हा अडाणीपणाचा प्रश्न नाही. माहिती असूनही लाज आणि भीती माणसाला बांधून ठेवतात. मला भीती हीच वाटत होती की फुफीचंच माझं झालं असेल तर? तपासलं नाही तर निदान कळणार तरी नाही, असं ते उफराटं गणित.

मला हलवलं ते एका वयस्क बाईंनी. त्या मुलींना क़ुरआन शिकवतात, धर्माचं शिक्षण घेतलेल्या आहेत. ईदनंतर मी वही घेऊन त्यांच्याकडे गेले, ती रोज़ांचा हिशेब विचारायला. त्यांनी पान पाहिलं आणि म्हणाल्या, "बेटी, हे सगळं महिन्याचं नाही. पाळीला हैज़ म्हणतात. मधल्या या रक्ताला वेगळं नाव आहे, इस्तिहाज़ा. ही नापाकी नाही, बीमारी आहे. यात नमाज़ पढायची, रोज़ाही ठेवायचा. आणि दवाखान्यात जायचं."

मी बघतच राहिले. ज्याला नाव नाही म्हणून मी आठ महिने अडून बसले होते, त्याला चौदाशे वर्षांपासून नाव होतं. हदीसमध्ये अशी नोंद आहे की फ़ातिमा बिन्त अबी हुबैश नावाच्या एका स्त्रीने थेट पैग़ंबरांनाच विचारलं, माझं रक्त थांबत नाही, मी नमाज़ सोडू का? त्यांचं उत्तर होतं की नाही, हे एका शिरेचं रक्त आहे, पाळी नव्हे. त्या बाईने हे विचारलं आणि उत्तरही मिळवलं. पुढे वाचताना कळलं, आपल्या आयुर्वेदातही याला असृग्दर म्हटलं आहे, वैद्य रक्तप्रदर म्हणतात, आणि सुश्रुताने पाळीची वेळ नसताना जाणाऱ्या रक्ताचा त्यात समावेश केला आहे. म्हणजे जुन्या माणसांनी दोन्हीकडे हा आजार ओळखला होता. विटाळाच्या गाठोड्यात तो आपण नंतर बांधून टाकला. माझ्या शेजारच्या काकू दर वेळी डाग दिसला की चार दिवस देवघरापासून दूर बसायच्या. असे त्यांचे महिन्यातले पंधरा दिवस जायचे. त्यांनाही मी मग हेच सांगितलं.

दवाखान्यात गेले. पहिल्या ठिकाणी, दवाखान्याचं नाव घेत नाही, पाच मिनिटांत निकाल लागला. सोनोग्राफीचा कागद पाहून सांगितलं गेलं, "वय झालं, मुलं झाली, आता पिशवीचं काय काम? काढून टाका. नाहीतर कॅन्सर होईल." आतून तपासणी नाही, तुकडा तपासणं नाही. तारीखही दिली. घरी येऊन मी रात्रभर जागी होते. सकाळी नवरा म्हणाला, "पिशवी तुझी आहे. दुसऱ्या कुणाला दाखवल्याशिवाय काढायची नाही." आणि स्कूटर काढून मला सेवाग्रामला घेऊन गेला.

सेवाग्रामचं कस्तुरबा हॉस्पिटल कस्तुरबांच्या निधनानंतर, गांधीजींच्या हयातीतच, बायका आणि मुलांचा छोटा दवाखाना म्हणून सुरू झालं. पुढे १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांनी तिथे वैद्यकीय महाविद्यालय उभं केलं. आमच्या जिल्ह्याला त्याचं अप्रूप वाटत नाही, कारण ते रोजचं आहे. खादीचा कोट घातलेल्या एका तरुण डॉक्टर मुलीने मला पहिला प्रश्न विचारला, "तारखा सांगता येतील?" मी पर्समधून वही काढून दिली. तिने ते खाडाखोडीचं पान वाचलं आणि म्हणाली, "असं लिहून आणणाऱ्या बाया फार थोड्या असतात." माझ्या कवितेला अशी दाद क्वचितच मिळाली असेल.

तपासण्या झाल्या. गर्भपिशवीच्या आत कोंबासारखी एक वाढ होती. तिला पॉलिप म्हणतात. दुर्बिणीतून ती काढली, तुकडा तपासायला पाठवला. कॅन्सर नव्हता. पिशवी जागेवर राहिली आणि रक्त थांबलं. तीन वर्षांनी पाळी तिच्या वेळेने गेली.

आता थोडं मुद्द्याचं सांगते. माझं पॉलिप निघालं म्हणून तुमचंही तेच असेल असं नाही.

आधी नेहमीची पाळी कशाला म्हणायचं? एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत २४ ते ३८ दिवस, आणि रक्त जाणं आठ दिवसांपर्यंत. याच्या मधे कधीही रक्त दिसलं, डागाएवढं का असेना, तर त्याची दखल घ्यायची. घाबरायचं नाही, पण दखल घ्यायची.

त्याची कारणं बरीच आहेत आणि त्यांतली पुष्कळशी साधी आहेत. काही जणींना पुढच्या पाळीच्या साधारण दोन आठवडे आधी, बीज सुटतं त्या सुमारास, एखादा दिवस हलका डाग दिसतो. गर्भनिरोधक गोळ्या नव्याने सुरू केल्यावर पहिले दोन-तीन महिने असं होऊ शकतं. गोळी विसरली तरी होतं. तांबी बसवल्यावर सुरुवातीचे काही महिने, इंजेक्शन घेतल्यावर, किंवा दुकानातून परस्पर आणलेल्या तातडीच्या गोळीनंतरही पाळीचं वेळापत्रक बिघडतं. थायरॉइडच्या तक्रारीने, रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांनीही होतं. दहावी-बारावीच्या वयात आणि चाळिशी-पंचेचाळिशीनंतर शरीरातल्या संप्रेरकांचा मेळ बसत नाही, तेव्हाही होतं.

काही कारणं उपचार मागणारी आहेत. गर्भपिशवीतल्या गाठी, पॉलिप, आतल्या अस्तराची नको तेवढी वाढ. मग जंतुसंसर्ग. त्यात ओटीपोट दुखतं, ताप येतो, वास येणारं पांढरं जातं. संबंधातून लागलेला संसर्ग असेल तर औषध नवरा-बायको दोघांनी घ्यायचं असतं. बाई एकटीच गोळ्या खाते आणि महिन्याभरात दुखणं परत येतं, हे डॉक्टर रोज पाहतात. पिशवीचा क्षयही असतो, तो औषधांनी बरा होतो.

आणि काही वेळा थांबायला वेळ नसतो. पाळी चुकली आहे, थोडं थोडं रक्त जातंय, पोटात एका बाजूला जोराची कळ येते, डोळ्यांपुढे अंधारी येते. गर्भ पिशवीत न राहता नळीत राहिला असेल तर असं होतं. नळी फुटली तर आत रक्त साठून जीव जाऊ शकतो. त्या वेळी घरगुती काढा नको, सकाळची वाट पाहणं नको. रात्र असली तरी १०८ला फोन करून दवाखाना गाठायचा. दिवस गेलेले असताना रक्त दिसलं, तासातासाला कपडा किंवा पॅड भिजू लागलं, चक्कर आली, तरीही त्याच दिवशी जायचं.

दोन लक्षणं मी वेगळी काढून सांगते. एक, नवऱ्याजवळ गेल्यानंतर रक्त जाणं. दुसरं, पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा डाग दिसणं. आमच्याकडे आजीबाईला असा डाग दिसला की कौतुकाने म्हणतात, "पुन्हा जवान झाली!" श्रोतेहो, ते कौतुक नाही. या दोन्हींत कॅन्सर असतोच असं नाही. बहुतेक वेळा नसतो. पण तो नाही हे तपासूनच ठरवायचं असतं. माझ्या फुफीचं पहिलं लक्षण यातलंच होतं.

गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होतो तो बहुतांशी एका विषाणूमुळे, एचपीव्हीमुळे. हा संबंध दाखवणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं. हा विषाणू अतिशय साधारण आहे, बहुतेकींच्या शरीरातून तो आपोआप निघून जातो. ज्यांच्यात टिकून राहतो त्यांच्यातही कॅन्सर व्हायला सहसा पंधरा-वीस वर्षं लागतात. म्हणजे पकडायला वेळ भरपूर असतो. तरी जागतिक कर्करोग नोंदींच्या अंदाजानुसार आपल्या देशात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा आजार होतो आणि पंचाहत्तर हजारांहून जास्त जणी जातात. कारण सरळ आहे. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायकांमागे दोघींचीही ही तपासणी कधी झालेली आढळली नाही.

या बाबतीत जगाला शिकवण्यासारखं काम आपल्याच महाराष्ट्रात झालं आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग गडचिरोलीला गेले. अभय बंग मूळचे आमच्या वर्ध्याच्याच मातीतले. त्यांनी दोन गावांतल्या बायकांची तपासणी केली. १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास छापून आला. शंभरातल्या ९२ बायकांना स्त्रीरोगांपैकी एक तरी आजार होता. त्याआधी कधीतरी तपासणी झालेल्या होत्या फक्त आठ. तोवर जग समजत होतं की गरीब देशातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन. बाळंतपणाच्या आधी, नंतर आणि मधेही बाई असते, हे त्या दोन गावांनी दाखवून दिलं.

दुसरा अभ्यास उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातला. तीस ते एकोणसाठ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायकांना त्यात घेतलं होतं. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या गटात एचपीव्हीची तपासणी फक्त एकदा झाली, त्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. आयुष्यात एकदा केलेली तपासणी, आणि निम्मे मृत्यू कमी! हे वाचलं त्या दिवशी मी फुफीच्या वयाचा हिशेब पुन्हा करून पाहिला.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्या जात असल्याचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सर्वेक्षणात ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. कित्येक जणी तर चाळिशीच्याही आतल्या. पाळीच्या दिवसांत कामाचा खाडा झाला तर पैसे कापले जातात, पांढरं जातंय, रक्त जातंय, फडात ना पाणी ना संडास. अशात कुणी 'कॅन्सर होईल' म्हटलं की बाई कर्ज काढून ऑपरेशन करते. फुफी दवाखान्यात उशिरा गेली म्हणून गेली. या बायका वेळेवर गेल्या आणि पिशवी देऊन आल्या.

पिशवी काढणं नेहमी चूक असतं असं मी म्हणत नाही. गरज असेल तर त्याच शस्त्रक्रियेने जीव वाचतो. पण आधी आतून तपासणी झाली का, तुकडा तपासला का, औषधाने किंवा दुर्बिणीने काम होईल का, हे विचारायचा तुम्हाला अधिकार आहे. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयं काढणार का, हेही विचारा. तरुण वयात ती काढली तर पाळी जाण्याचे सगळे त्रास एकदम सुरू होतात आणि हाडं लवकर ठिसूळ होतात. शंका असेल तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

तपासणीत काय करतात, याची धास्तीही पुष्कळ असते. आधी तारखा आणि तक्रारी विचारतात. गरज वाटली तर लघवीची गर्भ-तपासणी, रक्तातलं हिमोग्लोबिन. आपल्या राज्यात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्त कमी आहे. त्यात हे जास्तीचं जाणं म्हणजे फुटक्या रांजणात पाणी. मग एका साधनाने पिशवीचं तोंड पाहतात. त्यावर पातळ व्हिनेगारसारखं द्रावण लावून मिनिटभराने पांढरा पट्टा उमटतो का ते बघतात, किंवा तिथल्या पेशी पुसून घेऊन तपासायला पाठवतात. अवघडल्यासारखं होतं, पण काही मिनिटांत उरकतं. तीस ते पासष्ट वयाच्या बायकांसाठी तोंडाच्या, स्तनाच्या आणि पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी सरकारी आरोग्य कार्यक्रमात आहे. आशाताईंना विचारा, जवळच्या आरोग्य केंद्रात तपासणी कोणत्या दिवशी असते. स्त्री डॉक्टर हवी असेल तर तसं सांगा. बरोबर बहीण, जाऊ, मैत्रीण, कुणालाही नेता येतं. अविवाहित मुलीलाही दाखवता येतं. तिची आतून तपासणी न करता पोटावरून सोनोग्राफी करता येते. 'लग्न व्हायचंय' म्हणून मुलीचं दुखणं लपवू नका.

आणि मुलींसाठी आता लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या लशीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. नऊ ते चौदा वयात दोन डोस पुरतात. मात्र लस घेतली तरी मोठेपणी तपासणी चुकवायची नाही.

आता जे पुरुष अजूनही ऐकत असतील, त्यांच्यासाठी दोन शब्द. माझ्या वडिलांचं त्यांच्या बहिणीवर फार प्रेम होतं. ते वर्षातून चारदा आर्वीकडे जायचे, तिच्यासाठी बांगड्या न्यायचे. पण तिला काय होतंय हे विचारायची रीत नव्हती आणि सांगायचीही नव्हती. शेवटपर्यंत ते म्हणत राहिले, "मुझे पता होता तो कंधे पे उठा के लाता." त्यांनी आणलंही असतं. म्हणून तुम्ही विचारा. बायको रात्री-अपरात्री कपडे धुते, कामात दम लागतो म्हणते, जवळ यायला घाबरते, तर चिडू नका. "दवाखान्यात जाऊ का?" एवढंच म्हणा आणि गाडी काढा.

शेवटी एक काम सांगते आणि थांबते. आपल्या प्रत्येक स्वयंपाकघरात एक भिंतीवरचं कॅलेंडर असतं. दूधवाला आला नाही की त्यावर आपण न चुकता खाडा लिहितो, सिलिंडर कधी लावलं ते लिहितो. त्याच कॅलेंडरवर पाळी सुरू झाली त्या तारखेला एक टिंब काढा, संपली त्या तारखेला दुसरं. आणि मध्ये कधी डाग दिसला तर त्या तारखेवर फुली. दुसऱ्या कुणाला कळायचंही नाही. घरात वयात आलेली मुलगी असेल तर तिलाही हे शिकवा. एक-दोन महिन्यांत फुल्या पुन्हा दिसल्या तर ते पान घेऊन डॉक्टरांकडे जा. आणि ती दोन लक्षणं असतील, संबंधानंतरचं रक्त किंवा पाळी गेल्यानंतरचा डाग, तर दुसऱ्या फुलीची वाटच पाहू नका.

माझी ती वही अजून आहे. क़ज़ा रोज़े त्या वर्षी किती निघाले, ते त्या बाईंनीच मोजून दिले. फक्त पाच. बाकीची सगळी खाडाखोड बीमारीची होती.